ती मॉडेल, ते मॉडेल : नग्नाकृती-छायाचित्रणाच्या एका वर्गाचे परीक्षण

छायाचित्रण हा प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय नव्हे. भाषाविज्ञानाचे अध्यापन करून उरलेल्या वेळात जोपासलेला तो एक छंद आहे, आणि हौशी माणसाच्या ठिकाणी असणारे अज्ञान व उत्साह हे दोन्ही त्यात पुरेपूर आहेत. तेव्हा विभागाच्या पत्रिकेत ह्या विषयावर लिहिण्याचा अधिकार कोणता, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. अधिकार असलाच तर तो एवढाच, की गेल्या हिवाळ्यात पुण्यात भरलेल्या नग्नाकृती-छायाचित्रणाच्या दोन दिवसांच्या एका वर्गास मी कॅमेरा घेऊन गेलो खरा. परंतु घरी येऊन टिपणवही उघडली, तेव्हा तीत प्रकाशयोजनेपेक्षा व्याकरणाचीच टिपणे अधिक निघाली. नग्नतेच्या समीक्षेची आज रूढ असलेली परिभाषा बहुतांशी इंग्रजीतून आलेली आहे. मराठी बोलणाऱ्या एका खोलीत ती कितपत लागू पडते, आणि जेथे ती लागू पडत नाही तेथे दोष कोठे शोधावयाचा, हा प्रश्न त्या टिपणांतून उभा राहिला. त्याचे उत्तर शोधताना माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीचाही हिशेब द्यावा लागणार आहे.

वर्ग पेठेतील एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर भरला होता. उत्तरेकडे एक मोठी खिडकी, एक दिवा, थर्माकोलचे दोन तक्ते, मागे काळे कापड आणि मध्यभागी वीतभर उंचीचा लाकडी चौथरा, एवढेच साहित्य. शिकणारे आम्ही अकरा जण होतो; त्यांत दोन स्त्रिया. एक बँकेतील अधिकारी, एक दंतवैद्य, लग्नसमारंभांचे फोटो काढणारा एक तरुण, संगणकक्षेत्रातील तिघेचौघे, एक निवृत्त अभियंता, असा मेळा होता. शिकविणारे गृहस्थ साठीच्या घरातले, आयुष्याचा बराच काळ कारखान्यांच्या यंत्रांचे फोटो काढण्यात घालविलेले. बसण्यासाठी आलेल्या बाई मुंबईहून आल्या होत्या. कलाशाळांतील वर्गांतही त्या बसत असत. प्रारंभी नियम वाचून दाखविण्यात आले. मोबाईल पेटीत ठेवावेत. चौथऱ्याला हात लावू नये. फोटो चौथऱ्यावरील बैठकीचेच काढावेत, घंटा झाली की कॅमेरे खाली. लेखी संमतीवाचून एकही फोटो बाहेर दाखवू नये. बाई पडद्यामागे गेल्या, शाल पांघरून आल्या, चौथऱ्यावर चढल्या आणि शाल त्यांनी स्वतःच्या हाताने बाजूच्या खुर्चीवर ठेवली. सर्वांच्या नजरा त्या क्षणी आपापल्या कॅमेऱ्याच्या बटणांकडे वळल्या, हे नमूद केले पाहिजे. संकोच कोणाचा होता, हे त्या वेळी कोणाही परक्यास ओळखता आले नसते.

माझ्या वहीतील पहिले टिपण असे आहे : ‘साडेनऊला मॉडेल आले.’ आले. लिहिताना मला त्यात काही वावगे वाटले नाही. थोड्याच वेळात बँकेतील अधिकारी शेजाऱ्यास हलक्या आवाजात म्हणाले, ‘मॉडेल चांगलं बसतं.’ तेथे मी थबकलो.

‘मॉडेल’ हा शब्द मराठीत दोन लिंगांत वावरतो. मोटारीचे, घराचे, यंत्राचे ते मॉडेल. व्यक्तिवाचक अर्थाने स्त्री असेल तर ती मॉडेल, पुरुष असेल तर तो मॉडेल. सुशिक्षित लेखनात हा भेद पाळला जातो. वर्गात मात्र तो पाळला जात नव्हता, आणि वहीवरून पाहता माझ्याकडूनही पाळला गेला नव्हता. ह्यावर तत्काळ सुचणारा निष्कर्ष असा, की स्त्रीची वस्तू झाली. व्याकरणानेच तिची साक्ष दिली. पाश्चात्त्य समीक्षेत गेल्या अर्धशतकात रूढ झालेल्या परिभाषेशी हा निष्कर्ष इतका जुळतो, की तो काढण्याचा मोह कोणासही व्हावा. मलाही तो झाला, आणि शनिवारच्या दुपारपर्यंत मी त्याच धुंदीत होतो.

परंतु मराठीतील नपुंसकलिंगाचा व्यवहार इतका सरळ नाही. मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) लिंगविचाराचा जो प्रपंच केला आहे तो वाचणाऱ्यास हे सांगावयास नको. दुकानात गिऱ्हाईक येते. ते पुरुष असो वा स्त्री. जमिनीला कूळ लागते. मुलीसाठी स्थळ येते, आणि ते स्थळ म्हणजे प्रत्यक्षात हाडामांसाचा, चांगला मिशीवाला तरुण असतो. नाटकातले पात्र रंगभूमीवर येते व जाते. ह्या शब्दांपैकी कोणताही शब्द माणसाला निर्जीव ठरवीत नाही. तो त्या माणसाने काही वेळापुरती घेतलेली भूमिका सांगतो. व्यवहार संपला की गिऱ्हाईक पुन्हा तो किंवा ती होते. कोंकणीत तर तरुण मुलीविषयी बोलताना नपुंसकलिंग वापरतात, आणि त्यात तुच्छता नसून वात्सल्य असते. बँकेतील अधिकाऱ्यांचे ‘मॉडेल चांगलं बसतं’ हे वाक्य मग कोणत्या रांगेत बसवावयाचे? मोटारीच्या, की पात्राच्या?

ह्याचे उत्तर मला स्वतः बाईंच्या बोलण्यात मिळाले. दुसऱ्या बैठकीनंतर शिकविणाऱ्यांनी विचारले, की पुढील पोज उभ्याने वीस मिनिटे जमेल काय. बाई म्हणाल्या, ‘मॉडेल वीस मिनिटं उभं राहील, सर. पण मला आधी चहा पाहिजे.’ कोणी हसले, कोणाच्या लक्षातही आले नाही. एकाच उच्चारात त्यांनी नपुंसकलिंगी तृतीय पुरुष आणि प्रथम पुरुष असे दोन्ही योजले होते, आणि दोहोंमधील सीमारेषा नेमकी कोठे आहे हे त्यांस आम्हां सर्वांपेक्षा स्पष्ट ठाऊक होते. उभे राहील ते मॉडेल. चहा पिईन ती मी. जो नपुंसकलिंगी प्रयोग मी अपमानाचे लक्षण म्हणून टिपून ठेवला होता, तो त्यांच्या दृष्टीने शालीसारखाच एक आडपडदा होता, आणि तो त्यांनी स्वतः पांघरलेला होता.

हाच प्रकार शरीराच्या अवयवांविषयी. चित्रात स्त्रीचे तुकडे पाडले जातात, हात, पाठ, कंबर असे सुटे अवयव पाहिले जातात, हा आक्षेप सुपरिचित आहे. शिकविणारे गृहस्थ सूचना देताना म्हणत, ‘डावा हात जरा वर. मान खिडकीकडे. कंबर सैल.’ इंग्रजीत ह्या वाक्यांना ‘तुमचा’, ‘तुमची’ असे षष्ठीचे रूप लागलेच असते, आणि ते गाळले तर कानाला खटकले असते. मराठीत स्वतःच्या अवयवाला स्वामी सांगावा लागत नाही. ‘तिने हात वर केला’ असे आपण म्हणतो. कोणाचा, हे विचारीत नाही. ‘तिला लांब केस आहेत’ असे म्हणतो, ‘तिच्याकडे लांब केस आहेत’ असे म्हणत नाही. कॅमेरा मात्र तिच्याकडे असतो. अवयव हा माणसापासून वेगळा न होणारा आहे, हे आपल्या भाषेने विभक्तीतच धरून ठेवले आहे. तेव्हा ‘डावा हात वर’ ह्या सूचनेत स्वामी सांगितला नाही म्हणून हात तोडला गेला, असे म्हणणे म्हणजे इंग्रजी वाक्याचा दोष मराठी वाक्याच्या पदरात घालणे होय.

दोष होता, पण तो दुसरीकडे होता. शिकणाऱ्यांपैकी बहुतेक जण बाईंशी बोलतच नव्हते. ते शिकविणाऱ्यांस विचारीत : ‘सर, तो हात जरा खाली घेता येईल का?’ ह्या वाक्याची घडण पाहण्यासारखी आहे. ‘तो हात’ म्हटले की दर्शक सर्वनामाने हात दूर जाऊन पडतो. आणि ‘घेता येईल का’ ह्या शक्यार्थी रचनेत कर्त्याला जागाच उरत नाही. हात खाली कोणी घ्यावयाचा? वाक्य सांगत नाही. वाक्य उच्चारले जाते बाईंपासून चार हातांवर, बाईंना स्वच्छ ऐकू येईल अशा आवाजात, परंतु त्यांना उद्देशून नव्हे. शिकविणारे मग तेच भाषांतर करून सांगत : ‘ताई, डावा हात थोडा खाली.’ ‘ताई’ ह्या संबोधनाची मला आरंभी गंमत वाटली. मागाहून त्याचे प्रयोजन कळले. आपल्या समाजात नात्याचे संबोधन हे जवळीक सांगते त्याहून अधिक मर्यादा सांगते. ताई म्हटल्यावर काय करावयाचे नाही, हे कोणास समजावून द्यावे लागत नाही. यंत्रांचे फोटो काढण्यात आयुष्य गेलेल्या त्या गृहस्थांनी हा उपाय पुस्तकातून शिकला असेल असे वाटत नाही.

येथे थोडे विषयांतर करून शब्दसंग्रहाकडे वळतो, कारण कलासमीक्षेतील मुख्य भेद शब्दांच्या आधारेच उभा आहे. केनेथ क्लार्क यांनी १९५३ मध्ये वॉशिंग्टन येथे दिलेल्या व्याख्यानांवरून सिद्ध केलेल्या, नग्नाकृतीवरील आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथाचा (१९५६) प्रारंभ इंग्रजीतील दोन शब्दांच्या भेदापासून केला आहे : ‘नेकेड’ म्हणजे वस्त्रहीन आणि म्हणून ओशाळलेला देह, ‘न्यूड’ म्हणजे कलेने घडविलेला, स्वतःत संतुष्ट असलेला देह. छायाचित्राविषयी त्यांचे मत फारसे अनुकूल नव्हते. सुंदर व्यक्ती निवडली, प्रकाश हवा तसा पाडला, तरी प्राचीन शिल्पांच्या सुसंवादी सुलभीकरणास सरावलेल्या डोळ्यांना सुरकुत्या खटकतातच, असा त्यांचा अभिप्राय आहे. १९७२ मध्ये जॉन बर्जर यांनी हा भेद उलटा केला. त्यांच्या मते ‘नेकेड’ असणे म्हणजे आपण स्वतः असणे, आणि ‘न्यूड’ असणे म्हणजे दुसऱ्यांनी पाहण्यासाठी मांडले जाणे. तो वस्त्राचाच एक प्रकार होय.

दोघांचा वाद कडाक्याचा असला तरी दोघेही शब्दांच्या एकाच जोडीवर उभे आहेत, आणि ती जोडी आपल्याकडे नाही. आपल्याकडे जोडी नसून कुटुंब आहे. नग्न, विवस्त्र, दिगंबर, नागडा, नागवा, उघडा. ‘दिगंबर’ शब्दास वंदन घडते. ‘नागडा’ हा तान्ह्या मुलाला लाडाने व मोठ्या माणसाला शिवीसारखा लागतो. ‘उघडा’ म्हणजे पुष्कळदा केवळ सदरा न घातलेला, आणि उन्हाळ्यात ओसरीवर उघडे बसलेल्या आजोबांत कोणास काही वावगे दिसत नाही. ‘नागवा’ शब्दापासून झालेल्या ‘नागवणे’ ह्या क्रियापदाचा अर्थ तर लुबाडणे असा आहे. मराठी शब्दांतील खरी फोड कलेतील देह व कलेबाहेरील देह अशी नसून, वस्त्र कोणाच्या इच्छेने गेले, अशी आहे. दिगंबराने वस्त्र स्वतः टाकले. नागवलेल्याचे ते कोणी नेले. ‘उघडा’ ह्या विशेषणाला ‘असणे’ आणि ‘पडणे’ ही दोन क्रियापदे लागतात. उघडे असणे ही स्थिती आहे; उघडे पडणे ही आपत्ती आहे, आणि अंगावर सगळे कपडे असतानाही माणूस उघडा पडू शकतो.

रवि जाधव यांच्या मराठी चित्रपटाचे नाव (२०१८) ‘न्यूड’ असेच ठेवावे लागले, ह्यातही काही अर्थ आहे. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकलेच्या विद्यार्थ्यांपुढे बसणाऱ्या एका निर्धन स्त्रीची ती कथा. २०१७ मध्ये गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातून तो वगळण्यात आला, आणि त्यावरून बरेच वादंग झाले. त्या वादाहून मला चित्रपटाचे जे वैशिष्ट्य वाटते ते हे, की बसणाऱ्या बाईच्या बाजूने तो पाहतो. आपल्याकडील बाकीचा वाद बहुधा पाहणाऱ्याच्या बाजूने चालत आलेला आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाच्या (१९२७–१९५३) मुखपृष्ठावर नग्नचित्रे असत, आणि अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांना न्यायालयात खेटे घालावे लागले. अकबर पदमसी यांच्यावर १९५४ मध्ये ‘लव्हर्स’ ह्या चित्रांवरून मुंबईत खटला झाला व ते निर्दोष सुटले. पदमसी आणि सूझा यांच्या कलाकृती अश्लील ठरवून सीमाशुल्क-अधिकाऱ्यांनी केलेली जप्ती मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केली. ह्या सर्व प्रकरणांत पक्ष कोण? चित्रकार, संपादक, सरकार आणि पाहणाऱ्यांची नीती. जिच्यावरून किंवा ज्याच्यावरून चित्र काढले, ती व्यक्ती कोठेही पक्षकार नाही.

रेखाचित्राच्या बाबतीत हे एक वेळ क्षम्य आहे. वीस मिनिटे पेन्सिल चालली की कागदावर उरते ती चित्रकाराची रेषा. बसणाऱ्याची भूमिका, ते नपुंसकलिंगी मॉडेल, कागदावरही भूमिकाच राहते. छायाचित्रात तसे होत नाही. ज्या त्वचेवरून प्रकाश परतला, त्याच त्वचेची ती नोंद असते. चेहरा आला की नाव येते. म्हणूनच ह्या प्रकारच्या छायाचित्रात चेहरा टाळण्याची प्रथा पडली असावी. एडवर्ड वेस्टन यांचे १९३६ मधील, दारात बसलेल्या चारिस विल्सन यांचे छायाचित्र सर्वपरिचित आहे. गुडघे जवळ घेतलेले, मान खाली, केसांचा भांग वर, चेहरा नाही. त्या छायाचित्राची सर्वांत मार्मिक समीक्षा मला आढळली ती विल्सनबाईंचीच. वेस्टन यांना उजव्या हातावरील छाया कधीच पसंत पडली नाही. आणि विल्सनबाईंना खुपत राहिला तो वाकडा भांग आणि केसांतील आकडे. ह्याच बाईंनी वेस्टन यांच्या गुगेनहाइम शिष्यवृत्तीच्या अर्जाचे लेखन केले. ती १९३७ मध्ये मिळाली, आणि छायाचित्रकाराला मिळालेली ती पहिलीच. पुढे १९९८ मध्ये त्यांनी आपल्या आठवणींचे पुस्तकही प्रसिद्ध केले. बसणारी व्यक्ती लिहू लागली की समीक्षेला कोणत्या दर्जाची माहिती मिळते, ह्याचा हा नमुना आहे.

आमच्या वर्गातही हेच झाले. रविवारी दुपारी प्रत्येकाने निवडलेले तीन फोटो पडद्यावर दाखविण्यात आले. नियमाप्रमाणे बाईही पाहावयास बसल्या होत्या. बहुतेक फोटोंत चेहरा नव्हता. बाजूने आलेल्या खिडकीच्या प्रकाशात पाठीचा कणा उठून दिसावा, मांडीची कड काळ्या कापडावर उमटावी, ह्या प्रयत्नांत काही फोटो खरोखर चांगले होते. निवृत्त अभियंत्यांनी इंग्रजी पुस्तकाबरहुकूम प्रकाशमापकाच्या आकड्याहून एक पायरी अधिक प्रकाश दिला होता, आणि त्यांचे सर्व फोटो फिके होते. तो नियम गोऱ्या कातडीसाठी लिहिलेला आहे, कारण मापक मध्यम करडा रंग गृहीत धरतो व गोरी कातडी त्याहून बरीच उजळ असते. आपल्या सावळ्या वर्णाला ती वाढ नको. पुस्तकातील परिभाषाच नव्हे तर आकडेदेखील अशा रीतीने परभाषेतून येतात. लग्नाचे फोटो काढणाऱ्या तरुणाने बिल ब्रँट यांच्या धर्तीवर रुंद कोनाची काच लावून पाऊल अजस्र आणि धड चिमुकले केले होते. ब्रँट यांनी एका जुन्या लाकडी कोडॅक कॅमेऱ्याने अशा आकृती काढल्या, त्यांचे पुस्तक १९६१ चे. परंतु त्यांच्या आकृतीत दगड-गोट्यांचे जे गूढ आहे ते येथे नव्हते, पाऊल नुसतेच मोठे झाले होते.

दंतवैद्यांच्या एका फोटोचे सर्वांनी कौतुक केले. उभी आकृती, एक पाय किंचित पुढे, सारी रेषा डौलदार. बाई म्हणाल्या, ‘हा खोटा दिसतो. वजन उजव्या पायावर नाहीये.’ शिकविणाऱ्यांनी फोटो पुन्हा लावला. वीस मिनिटे संपत आल्यावर बाईंनी भार हळूच डाव्या पायावर घेतला होता; फोटो त्यानंतरचा होता, म्हणून नितंबाची रेषा आणि खांद्याची रेषा एकमेकींना दाद देत नव्हत्या. एकदा सांगितल्यावर ते सर्वांना दिसले. त्या खोलीत अकरा कॅमेरे व एक अनुभवी शिक्षक होता. परंतु वजन कोठे आहे, हे आतून ठाऊक असलेली व्यक्ती एकच होती. सौंदर्यशास्त्राच्या किती ग्रंथांत ह्या ज्ञानाला जागा दिलेली आहे?

आता माझ्या फोटोकडे येतो. माझे चौथऱ्यावरील फोटो सामान्य होते. दोन दाखविले, कोणी काही बोलले नाही. तिसरा मी शनिवारी संध्याकाळी काढला होता. घंटा झाली होती. बाई शाल पांघरून खिडकीपाशी स्टुलावर बसल्या होत्या, एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हाताने मुंग्या आलेला पाय चोळीत. उतरता प्रकाश तोंडावर होता. कॅमेरा माझ्या हातात होता. नियम मी सकाळी ऐकला होता, आणि तो मला आठवत नव्हता असे मी म्हणू शकत नाही. तो ह्या प्रसंगाला लागू आहे असे मला वाटले नाही, इतकेच. शाल होती ना.

फोटो पडद्यावर आला तेव्हा खोली एकदम शांत झाली. दोन दिवसांत दिसलेल्या सर्व फोटोंत तो निर्विवादपणे श्रेष्ठ होता. मी हे आढ्यतेने म्हणत नाही, कारण त्यातील श्रेष्ठत्वाशी माझा संबंध थोडा होता. त्यात थकवा होता, वय होते, पायाकडे पाहणाऱ्या डोळ्यांत स्वतःशी चाललेला काही हिशेब होता. बँकेतील अधिकारी म्हणाले, ‘वा! काय फोटो निघालाय!’ मीही म्हणालो, ‘हो, चांगला निघाला खरा.’

बाई काही वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘हा तेवढा नको, सर. चौथऱ्यावरचे सगळे ठेवा. हा माझा आहे.’

दंतवैद्यांनी समजूत घालावी तसे म्हटले, ‘पण ताई, ह्यात तर तुम्ही अंगभर शाल घेतली आहे.’

‘अहो, म्हणूनच ना.’

ह्यावर पंधरा मिनिटे चर्चा झाली. बाई तीत बोलल्या नाहीत. कलाकृती एकदा निर्माण झाली की ती कोणाची, चांगली कलाकृती नष्ट करणे हे पाप नव्हे काय, संमतीपत्रात तर ‘सर्व छायाचित्रे’ असा शब्द आहे, असे मुद्दे निघाले. संमतीपत्र आणून वाचण्यात आले. त्यात वाक्य होते : ‘मॉडेलने छायाचित्रणास संमती दिली आहे.’ व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य मोठे चतुर आहे. ‘ने’ प्रत्यय लागल्यावर क्रियापद कर्त्याकडे पाहत नाही, ते ‘संमती’ ह्या कर्माच्या लिंगाने चालते. ती मॉडेल की ते मॉडेल, हा प्रश्न त्या वाक्यात उपस्थितच होत नाही. नेमक्या त्याच प्रश्नावर आम्ही अडलो होतो. संमती दिली होती ती मॉडेलने, चौथऱ्यावरच्या भूमिकेने. स्टुलावर बसून पाय चोळणाऱ्या स्त्रीने काहीच दिलेले नव्हते.

कायद्याकडून येथे मदत मिळण्यासारखी नाही. चोरून पाहण्याच्या गुन्ह्याविषयीचे कलम भारतीय दंडसंहितेत २०१३ मध्ये घालण्यात आले, आणि २०२४ पासून ते भारतीय न्यायसंहितेच्या ७७ व्या कलमात आहे. फोटो काढण्यास संमती देणे व तो इतरांना दाखविण्यास संमती देणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्याच्या स्पष्टीकरणात नीट सांगितले आहे. परंतु ‘खाजगी कृत्य’ ह्याची व्याख्या त्या कलमाने मुख्यतः शरीराच्या उघड्या भागांवरून केलेली आहे. चौथऱ्यावरील प्रत्येक फोटोला ती लागू होऊ शकेल. शालीतल्या फोटोला होणार नाही. कायद्याच्या दृष्टीने माझा फोटो वर्गातील सर्वांत सोज्ज्वळ फोटो होता.

क्लार्क यांच्या भेदाने पाहिले तर त्या फोटोतील देह दोहोंपैकी कशातच बसत नाही. बर्जर यांच्या भेदाने पाहिले तर ‘स्वतः असणे’ त्यात पुरेपूर आहे, आणि त्यांच्या विवेचनाप्रमाणे ते गुणाचेच ठरावे. मराठीत मात्र त्या प्रसंगाला नाव आहे. चौथऱ्यावर बाई उघड्या होत्या; माझ्या फोटोत त्या उघड्या पडल्या. ज्या थकव्याचे आम्ही कौतुक करीत होतो तो त्यांनी वीस-वीस मिनिटे आमच्यापासून राखून ठेवला होता, आणि शाल पांघरून, पाठ वळवून, आपल्यापुरता बाहेर येऊ दिला होता. तेवढाच मी उचलला.

एक शब्द मात्र सुटला नाही. ‘फोटो चांगला निघाला’ असे मी म्हणालो होतो. मराठीत फोटो आपोआप निघतो, जसे ऊन निघते. ‘काढणे’ ह्या क्रियापदाचे मोल्सवर्थच्या कोशात भले मोठे टिपण आहे. चित्र काढतात, दूध काढतात, कर्ज काढतात, दिवस काढतात, कपडे काढतात. ह्या सर्वांत कर्ता असतो. ‘निघणे’ म्हटले की तो नाहीसा होतो. ‘घेता येईल का’ म्हणणाऱ्यांचा दोष मी वहीत लिहून ठेवला होता. माझे ‘निघाला’ हे त्याच जातीचे वाक्य होते, आणि ते मी पुन्हा पुन्हा, कोणी विचारले नसताना, तीन वेळा उच्चारले. शेवटी ‘मी काढला, घंटा झाल्यावर काढला’ असे म्हणालो. मग कार्डावरून आणि लॅपटॉपवरून तो काढून टाकला. बाईंनी दोन्ही ठिकाणी पाहून खात्री करून घेतली, आणि ते योग्यच झाले. लग्नाचे फोटो काढणारा तरुण हळहळला. हळहळ मलाही वाटली, आजही वाटते. त्या फोटोतील डावीकडचा प्रकाश मला अजून नीट आठवतो. परंतु त्या फोटोचे वर्णन येथे चार ओळींत केले आहे, तेवढेदेखील करावे की नाही ह्याविषयी मी साशंक होतो. बाईंना फोन करून विचारले. त्या म्हणाल्या, ‘लिहा. नाव नको. आणि पायाला मुंग्या आल्या होत्या तेही लिहा, नाहीतर लोकांना वाटेल मी दुःखात बसले होते.’

शिकविणाऱ्यांनी त्यानंतर संमतीपत्र बदलले आहे. त्यात ‘चौथऱ्यावरील’ हा शब्द आला आहे, आणि विश्रांतीची जागा पडद्याच्या आत गेली आहे. काढणे, ठेवणे व दाखविणे ह्यांसाठी तीन वेगळ्या सह्या असाव्यात, अशी माझी सूचना होती. ती त्यांनी मान्य केली. शिकणाऱ्यांनी बाईंशी थेट बोलावे, ही सूचना मात्र त्यांनी नाकारली. अकरा जण एकदम सांगू लागले तर ताईंनी ऐकावयाचे कोणाचे, असे ते म्हणाले, आणि बाईंचेही मत तेच पडले.